चादरीखालची पाटी

बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी त्यांनी आमच्या टीव्हीचं कव्हर काढलं. बायकोनं स्वतः शिवलेलं, कडेला लेस लावलेलं कव्हर होतं ते. बाईंनी त्याची नीट घडी केली, ती मांडीवर ठेवली आणि बायकोला म्हणाल्या, "श्वास घेऊ दे की गं त्याला." मग त्यांनी रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला. मग त्यांना स्वयंपाकघरातला मिक्सर दिसला. तो ओट्यावर फुलाफुलांचा झगा घालून उभा होता, त्याचाही झगा उतरला. चहा होईपर्यंत आमचं घर आम्हालाच ओळखू येईना. त्या गेल्यावर बायकोनं सगळी कव्हरं पुन्हा चढवली आणि मला एवढंच विचारलं, "ह्या परत येणार आहेत का?"

येणारच होत्या. त्या दिवसांत आमच्या संस्थेचं घोडं एका जागी अडलं होतं आणि ते हलवायचं काम बाईंकडं आलं होतं.

संस्था अगदी छोटी. सोलापुरात एका दुकानाच्या माळ्यावर ऑफिस, आणि काम म्हणजे जिल्ह्यातल्या ज्या वस्त्यांवर मोबाईलची रेंज नाही किंवा रेंज असून रिचार्ज परवडत नाही तिथं वाचनालय पोचवायचं. हे वाचनालय कागदाचं नव्हतं. पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक, सगळा एकाच पाटीवर बसवलेला, ना पडदा ना कीबोर्ड. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड आणि त्या कार्डात शाळेची पुस्तकं, गोष्टी, धड्यांचे व्हिडिओ, मेंढ्यांच्या रोगांची माहिती, जे म्हणाल ते. ही पाटी सुरू केली की ती आपलं स्वतःचं वायफाय सोडते. आसपासच्यांनी मोबाईल जोडावा आणि वाचत बसावं. इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. असल्या स्वस्त पाट्या बाजारात पुष्कळ मिळतात आणि आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. कोणती घ्यायची ते ठरत नव्हतं. पुण्याहून आमचे तांत्रिक सल्लागार मोठमोठे तक्ते पाठवायचे. अध्यक्षांना ते कळत नव्हते आणि मला कळतात असा माझा चेहरा असायचा. शेवटी अध्यक्षांनी त्यांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना साकडं घातलं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या ऑफिसात आल्या तेव्हा पन्नाशीचे अध्यक्ष खुर्चीवरून ताडकन उठले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

बाई कोणाला नावानं हाक मारत नसत. शाळेत हजारो मुलं हाताखालून गेली, नावं लक्षात ठेवण्यात आयुष्य घालवायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माणूस ज्या गावचा, त्या गावाचं नाव त्याला. मी वैराग. आमचे हिशेब बघणारे गृहस्थ दुधनी. बाईंनी "दुधनी" म्हटलं की ते जागेवरून कानडीत "हौद्री, बाई" म्हणून होकार देत. व्हिडिओ कॉलवरच्या सल्लागारांना त्या सरळ पुणे म्हणायच्या. "पुणे, तुझा आवाज फाटतोय." एवढा शिकलेला माणूस, पण आठवड्याभरात तोही निमूट ओ द्यायला लागला.

राहायला त्या पूर्व भागात होत्या. खाली यंत्रमागाचं शेड, वर बाईंच्या दोन खोल्या. दिवसभर खालून खडखडाट आणि मागावरच्या सुताचा भुसा हवेत तरंगायचा. अशा घरात राहणारा कुठलाही शहाणा माणूस मिठाचा डबासुद्धा झाकून ठेवील. बाईंच्या घरात एकाही वस्तूवर कव्हर नव्हतं. रोज सकाळी जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन त्या फ्रिजपासून रेडिओपर्यंत सगळं पुसायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "झाकलं की माणूस पुसायचं विसरतं." खालच्या शेडची मालकीण तेलुगू बोलणारी होती. ती वर आली की बाईंच्या उघड्याबोडक्या मिक्सरकडं बघून तोंडावर हात ठेवायची.

दुपारी बारा ते चार सोलापूर झोपतं. उन्हाळ्यात तर रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नाही. बाई नेमक्या तेव्हा फिरायला निघायच्या. डोक्यावर पदर, हातात न उघडलेली छत्री. उन्हाशी ओळख ठेवावी लागते, म्हणजे ते आल्यावर आपण दचकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोनदा त्यांनी बरोबर नेलं. तिसऱ्या वेळी मी दुधनींना पुढं केलं आणि ते बिचारे दोन दिवस ताक पीत पडून राहिले.

पाट्या निवडायचं काम त्यांनी असल्याच पद्धतीनं सुरू केलं. पुण्याचा तक्ता त्यांनी वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि म्हणाल्या, ह्यात पाटी किती पळते ते आहे, किती तग धरते ते नाही. मग आम्ही नमुन्याला म्हणून आणलेल्या पाट्या त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांचे हाल सुरू झाले. एक पाटी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत खुंटीला टांगली गेली. एक गच्चीवरच्या पत्र्याखाली. काम चालू असताना मधेच बाई मागून येऊन वायर उपटायच्या, कारण वस्तीवरची वीज सांगून जात नाही. उपटलं, लावलं, पुन्हा उपटलं. जी पाटी पुन्हा जागी होऊन पुस्तक होतं त्या पानावर उघडायची, तिला त्या "शहाणी" म्हणायच्या आणि शेंगाचटणीचा डबा उघडायच्या. तो पाटीसाठी नव्हे, आमच्यासाठी.

गरमपणा मोजायची त्यांची रीत मात्र जगात दुसरीकडं कुठं नसेल. पाटीवर हात ठेवायचा आणि तेराचा पाढा म्हणायचा. तेरा दाहे तीसासेपर्यंत हात ठेवता आला तर पाटी पास. अध्यक्षांचा हात एकदा तेरा सत्ते एक्क्याण्णवला उचलला गेला. तो चटक्यानं उचलला की पाढा अडला म्हणून, ह्यावर ऑफिसात अजून एकमत नाही.

हे सगळं चाललेलं असताना सांगोल्याच्या पलीकडून बातमी आली, की तिथल्या मेंढपाळांच्या वस्तीवरची पाटी बंद पडली. ही पाटी बाई यायच्या आधी, हिवाळ्यात आम्ही बसवलेली. पुण्याच्या पसंतीची, चांगली वेगवान. बंद पडली ती ऐन एप्रिलच्या सुरुवातीला. पुण्यानं लगेच निदान केलं, की ऊन. आणि उपायही सांगितला, की आणखी भारी पाटी घ्या, तिच्यावर छोटा पंखा असतो. अध्यक्ष मान डोलवायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, गेलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय कारण ठरवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघाल्या.

वस्ती म्हणजे माळावर विखुरलेली थोडी घरं. गडीमाणसं मेंढरं घेऊन लांब गेलेली, मागं म्हातारीकोतारी, बायका आणि पोरं. पाटी ठेवली होती ती आक्कांच्या घरात, कारण त्यांच्या छपरावर सौर पत्रा होता आणि शब्दाला वस्तीत मान होता. आक्का बाईंच्याच वयाच्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची सून उंबऱ्याशी दहावीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. लग्नाआधी तिचं दहावीचं गणित राहिलं होतं आणि जुलैत ती पुन्हा परीक्षेला बसणार होती. वस्तीत गणित शिकवणारं कोणी नाही. जे काही शिकली ते त्या पाटीवरच्या धड्यांतून.

बाईंनी पाटी बघायला मागितली. आक्का आत गेल्या आणि कोनाड्यातून एक गाठोडं घेऊन आल्या. जमिनीवर बसून त्यांनी ते सोडायला सुरुवात केली. वरती सोलापुरी चादर. तिच्या आत टॉवेल, आपल्याकडचाच, जाडजूड. त्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी. बाळंतिणीचं बाळ उलगडावं तसं एकेक पदर बाजूला करत त्यांनी पाटी आमच्यापुढं ठेवली. तिची प्लॅस्टिकची डबी मऊ होऊन एका कोपऱ्यात खचली होती. टॉवेलच्या आतल्या घडीवर इस्त्रीचा चटका बसावा तसा तपकिरी डाग होता.

मी बाईंकडं बघितलं. बाईंनीही तो डाग पाहिला होता. आता काय होणार ते मला माहीत होतं. माझ्या बायकोनं, खालच्या शेडच्या मालकिणीनं, सोलापुरातल्या ओळखीच्या प्रत्येक घरानं जे ऐकलं होतं, ते आता आक्का ऐकणार. मी मान खाली घातली.

पण आधी आक्काच बोलल्या. "आमच्याकडं आलेलं टिकत न्हाय, बाई. हापसा आला, त्यो आटला. सरकारी दिवं आलं, ते गेलं. म्हनलं ह्ये तरी जपावं. वारं सुदिक लागू दिलं न्हाय त्येला."

मग त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं आणि आवाज उतरवला. मुलाला बायकोचं हे शिकणं फारसं पसंत नव्हतं. आक्कांनीच हट्टानं तिला परीक्षेला बसवलं होतं. तो कळपाबरोबर जाताना सांगून गेला होता, की ह्या वेळी पास झाली तर बरं, नाहीतर पुढच्या खेपेला तिनं पुस्तक ठेवून द्यायचं आणि कळपाबरोबर यायचं. "माज्या हातनं काय चुकलं आसंल तर सांगा," आक्का म्हणाल्या. "पोरीचं नुस्कान माज्यामुळं झालं न्हाय ना, येवढंच सांगा."

मी बाईंना इतक्या वर्षांत, म्हणजे नंतरच्याही इतक्या वर्षांत, खोटं बोलताना ऐकलेलं नाही. अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात जेवण कसं झालं असं विचारलं, तर भात कच्चा आहे असं त्यांनी व्याह्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हा तिथं जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणूनच सांगतो. बाईंनी तो टॉवेल उचलला, डाग आत जाईल अशी त्याची घडी केली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"तुमचं काही चुकलं नाही, आक्का," त्या म्हणाल्या. "पाटीच कच्ची निघाली. चूक आमची आहे."

मग सुनेला विचारलं, धडा कुठं अडलाय. वर्गसमीकरणाच्या मधेच पाटी बंद पडली होती. बाईंनी पदर खोचला, चुलीजवळचा कोळसा घेतला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते समीकरण पुरं केलं. मग दुसरं, मग तिसरं. आक्कांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला. आम्ही निघालो तेव्हा अर्धं अंगण आकड्यांनी भरलं होतं आणि ते पुसू नये म्हणून आक्का पोरांना वळसा घालायला सांगत होत्या.

परतीच्या एसटीत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बाई म्हणाल्या, "गप्प बस, वैराग." मंगळवेढ्याला गाडी थांबली, चहा आला, तेव्हा त्या स्वतःच बोलल्या. जपणाऱ्या माणसाला तू जपलंस म्हणून गेलं, असं सांगायचं? बरं सांगितलं, आणि उद्या तिनं पाटी उघडी ठेवली. तरी जन्मभर तिला वाटत राहणार, की सुनेच्या परीक्षेवर आपणच पाणी फिरवलं. "ती झाकणार," बाई म्हणाल्या. "झाकू दे. झाकलं तरी चालेल अशी पाटी आणायची. हे काम तिचं नाही, आपलं आहे." कशामुळं बंद पडली ते ऑफिसात सांगायचं नाही, असंही त्यांनी मला बजावलं. हे तुमच्यापाशी बोलतोय ते आता सांगायला हरकत नाही म्हणून. आक्कांच्या कानावर जाईल अशी ही जागा नाही.

त्या आठवड्यात बाईंनी सगळ्या पाट्या नव्यानं तपासायला काढल्या. ह्या वेळी चादरीत. अस्सल सोलापुरी चादर, आत टॉवेल, आत प्लॅस्टिकची पिशवी, आणि हे गाठोडं भर दुपारी गच्चीच्या पत्र्याखाली. आम्ही सावलीत मोबाईल घेऊन बसायचो आणि गणिताचे धडे सलग चालू ठेवायचो. पंखेवाली पाटी पहिल्याच दिवशी गेली. चादरीत पंखा कशाला वारा घेणार, आणि घेतला तो मागाचा भुसा. थोडा वेळ किरकिरला आणि चहाच्या आधी गप्प झाला. दुसऱ्याही दोघीतिघी माना टाकून मोकळ्या झाल्या. राहिली ती एक जुन्या बनावटीची, हळू, स्वस्त पाटी. पुण्याच्या तक्त्यात ती सगळ्यात खाली होती. वीज इतकी कमी खायची, की तापायलाही तिच्याकडं काही नव्हतं. बाईंनी संध्याकाळी चादरीत हात घातला. भाकरीच्या दुरडीत हात घालावा तसं कोमट लागत होतं म्हणे. तेराचा पाढा पुरा झाला. बाईंनी हात न काढता चौदाचाही म्हटला.

बैठकीत पुण्यानं खूप विरोध केला. ते चुकीचं बोलत होते असंही नाही. ह्या पाटीवर एका वेळी चारपाच जणांनीच व्हिडिओ बघायचे, जास्त जोडले की अडखळणार. बाईंनी ते कबूल केलं आणि धडे थोडे हलके, कमी जागा खाणारे करून द्यायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. पण पुण्याचा मुख्य मुद्दा वेगळा होता. चादरीत गुंडाळून तपासणं हा काय प्रकार आहे, कोण संगणकाला चादरीत गुंडाळतं? लोकांना सांगा ना, झाकू नका म्हणून.

"पुणे," बाई पडद्याजवळ गेल्या, "तुझ्या पाठीमागं टेबलावर प्रिंटर आहे का रे?"

ते मागं वळून बघतात तो प्रिंटरवर गुलाबी फुलांचं, झालर लावलेलं प्लॅस्टिक होतं. "ते आईनं..." एवढं म्हणून ते थांबले. आमच्या बाजूला दुधनी हसू दाबता दाबता खोकायला लागले. अध्यक्षांनी त्या जुन्या, हळू चालणाऱ्या पाटीच्या खरेदीला तिथल्या तिथं होकार दिला.

भर मे महिन्यात आम्ही ती वस्तीवर नेली. बाईंनी पाटी कोनाड्यात ठेवली, सुरू केली, सुनेच्या मोबाईलवर समीकरणाचा धडा जिथं थांबला होता तिथून सुरू झाला. आक्का मागं उभ्या होत्या. धडा चालू झाल्याची खात्री पटल्यावर त्या पुढं आल्या, हातातला धुतलेला टॉवेल उलगडला आणि पाटीला गुंडाळला. मग वरून चादर. बाई शेजारीच होत्या. त्यांचा उजवा हात आपोआप अर्धा वर आला, हे मी पाहिलं. मग त्यांनी तो हात पदराकडं नेला, कपाळ पुसलं आणि प्यायला पाणी मागितलं.

पाटी चालली. आधी मला रोज धास्ती वाटायची, मग आठवड्याला, मग विसरलो. पोरांनी गोष्टी ऐकल्या, मेंढ्यांच्या तोंडाला फोड आल्यावर कुणीतरी त्यात बघून औषध केलं, आणि व्हिडिओसाठी नंबर लावून बसायची सवय वस्तीला लागली. आता अशा पाट्या आमच्या सगळ्या वाचनालयांत आहेत. नवीन पाटी आली की तिला पहिल्यांदा चादर घालतात. ऑफिसातल्या नव्या मुलांना वाटतं ही सोलापूरची काहीतरी प्रथा आहे.

सून गणितात पास झाली. काठावर, पण पास. निकाल कळवायला आक्का स्वतः सुनेला घेऊन एसटीनं सोलापुरात आल्या, पत्ता शोधत मागाच्या खडखडाटातून वर चढल्या. मी तेव्हा कामानं बाईंकडं गेलो होतो. आक्कांनी पिशवीतून पेढे काढले आणि पेढ्यांखालून एक कव्हर. जुन्या इरकल लुगड्याचं, लाल काठाचं, चारी कोपरे हातानं टाचलेलं. बाईंच्या घरात एकही वस्तू झाकलेली नाही, हे सुनेनं बहुतेक पहिल्या भेटीतल्या गप्पांत ऐकलं असावं आणि आक्कांना वाईट वाटलं असावं. एवढ्या शिकलेल्या बाईला कोणी कव्हर शिवून देणारं नाही म्हणून. "मापाचं ठाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "कशाला बसंल त्येला घाला."

ते रेडिओला बसलं. आक्कांनीच घालून बघितलं, काठ सारखे केले आणि समाधानानं मागं सरून बघितलं. बाईंनी दोघींना पोटभर जेवायला घातलं आणि सुनेला अकरावीचं काय करणार ते विचारून भंडावून सोडलं.

त्या दोघी गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. आमच्या घरच्या टीव्हीचा, रिमोटचा आणि मिक्सरचा बदला घ्यायची अशी संधी मला पुन्हा मिळाली नसती. मी उठलो, रेडिओजवळ गेलो आणि कव्हराला हात घातला. "श्वास घेऊ द्या की त्याला, बाई."

बाई सकाळचं फडकं घेऊन फ्रिज पुसत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"राहू दे, वैराग," त्या म्हणाल्या. "धूळ बसते."